आधी आवाज शोधा, मग पार्ट बदला

संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार,

तुमच्याकडे खड्डे आणि स्पीडब्रेकर यावर रोज पत्रं येतात, माझं पण त्यातलंच आहे, फक्त मी खड्ड्यावरून जाणाऱ्या गाडीबद्दल लिहितोय. भोसरीला टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली, रिटायर झाल्यावर पोरं नको नको म्हणत असताना एक हौस केली, सेकंडहँड कन्व्हर्टिबल घेतली, कापडी टपाची. सोसायटीचा वॉचमन विचारतो, काका पाऊस आला तर? (टप लावतो, अजून काय करणार.) तर ह्या गाडीला तीन आवाज होते, आणि ते काढता काढता कळलं की गॅरेजात आवाज शोधायला कोणाला वेळच नाही, सरळ पार्टचं एस्टिमेट हातात देतात.

उघड्या गाडीला आवाज जास्त असतात हे खरंय, त्याचं कारण साधं आहे. पत्र्याचा बिस्किटाचा डबा झाकण लावून पिळून बघा, मग झाकण काढून पिळा. नेहमीच्या गाडीचं छत हे ते झाकण, ते काढलं की बॉडी पिळते, म्हणून कंपनी खाली उंबऱ्याला जाड पत्रा आणि आडव्या पट्ट्या देते, पण थोडा पीळ राहतोच. आणि पीळ आला की टपाचं रबर, काचा, कुलपं सगळं एकमेकांवर घासतं. आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर म्हणजे भिंतच आहे, आयआरसीचं (रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं) माप बघाल तर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर, इथे रुंदी जेमतेम दीड फूट. पण शिव्या देता देता त्याचा उपयोग पण झाला. सरळ गेलो तर फक्त टकटक यायची आणि तिरका गेलो, एक एक चाक चढवत, तर टकटकीबरोबर करकर पण. म्हणजे करकर पिळाची, टकटकीचा पिळाशी संबंध नाही. दोन आवाज वेगळे झाले ना की निम्मं काम होतं.

करकर रबराचीच निघाली. गावभर मेट्रोची नाहीतर बिल्डरची खोदाई चालू, ती सिमेंटची धूळ बीडिंगवर बसते आणि मग काच हलली की दारासारखं कुरकुरतं. ओल्या फडक्याने पुसलं, वाळू दिलं, सिलिकॉन ग्रीस बोटावर घेऊन अगदी पातळ लावलं, बंद. शेजाऱ्यांनी व्हॅसलिन सुचवलं होतं, ते आणि इंजिन ऑइल कृपा करून लावू नका, पेट्रोलियमचं काहीही ह्या रबराला फुगवतं. सिलिकॉन पण पुढच्या काचेला लागू देऊ नका, पावसात वायपर फिरला की समोरचं काही दिसत नाही, मी ते करून बसलोय.

खरा छळला तो टकटकीने. डावीकडे मागून यायची, रोज. आणि बायको शेजारी बसली की गायब! ती म्हणायची तुमचे कान वाजतात, डॉक्टरला दाखवा. एका मोठ्या गॅरेजात नेली (नाव घेत नाही), त्यांचा माणूस शेजारी बसून ट्रायलला आला, जाऊन येऊन चार किलोमीटर, आवाज नाही. तरी एस्टिमेट आलं, मागचे दोन्ही शॉकअप, २४ हजार. मी म्हटलं अहो तुम्ही ऐकलंच नाही तर बदलताय काय, तर म्हणे अशा गाड्यांना तेच जातं. अहो ह्याच पुण्यात १९६६ पासून एआरएआय आहे, गाड्यांची तपासणी आणि संशोधन करणारी संस्था, तिथे आवाज आणि कंपनासाठी सबंध लॅब आहे, एनव्हीएच म्हणतात त्याला, आणि ती ज्या टेकडीवर आहे त्याच टेकडीच्या खाली आमचं निदान हे असं.

मग मीच मागे लागलो. डिकी रिकामी केली, स्टेपनी, जॅक, पाना, छत्री सगळं घरात. आवाज आहेच. हवा चेक केली, पंपावरच्या पोराने चार-पाच पॉइंट जास्त भरली होती, ती उतरवली तर जरा मऊ झाला पण गेला नाही. बायकोला गाडी चालवायला दिली आणि मी मागच्या सीटवर डोकं साइड पॅनलला लावून, कर्वे रोडच्या सिग्नलला लोक बघत होते. बरं, तेव्हा आवाज जोरात, तिलाही ऐकू आला, माझी अब्रू वाचली. पण सापडला नाही.

सापडला तो तांदळामुळे. मार्केट यार्डातून दहा किलो आंबेमोहोर घेतला, पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली तर सीटबेल्टचा अलार्म टुंग टुंग करायला लागला, वैतागून पिशवीलाच बेल्ट लावला. घरापर्यंत एक आवाज नाही! पार्किंगमध्ये बसल्या बसल्या ट्यूब पेटली. शेजारी कोणी नसलं की बेल्टची लोखंडी जीभ मोकळी लोंबकळते आणि मागच्या प्लास्टिकच्या पॅनलवर आपटते. बायको बसली, मेकॅनिक बसला, तांदूळ बसला, की बेल्ट लागतो आणि आवाज जातो. नाना पेठेतून काळं फेल्ट आणलं, २० रुपये, बोटभर तुकडा चिकटवला. २४ हजाराचा शॉकअप बरा झाला.

तिसरा शिट्टीसारखा, ऐंशीच्या वर. दाराची काच लावताना काच आणि रबराच्या मध्ये कागदाची पट्टी धरायची आणि ओढायची, घट्ट यायला पाहिजे, उजव्या कोपऱ्यात ती सुळकन निघत होती. काच दोन मिलिमीटर वर सेट करून घेतली, ते मात्र चांगल्या फिटरकडूनच, उगाच आपण दाराचं पॅनल उचकटू नये.

गॅरेजवाल्यांना एवढंच म्हणणं आहे की गिऱ्हाईकाला चालवू द्या, तुम्ही मागे बसा, पुढची सीट रिकामी ठेवा, दहा मिनिटं जातील. त्याचे पैसे लावा हवं तर, मी देईन, पण न ऐकलेल्या आवाजाचं एस्टिमेट देऊ नका.

माझ्या गाडीत अजून एक टिकटिक आहे, डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला, फक्त थंडीत आणि सकाळी आठच्या आत, ऊन लागलं की बंद. फेब्रुवारीपर्यंत नाही सापडली तर पुढच्या डिसेंबरची वाट बघणं आलं.

आपला,
एक जुना वाचक, कर्वेनगर, पुणे