राक्षस कोण होतो, हे कथेने आधी ठरवावे

मा. संपादक,
स. न.

साध्या माणसांचे राक्षस होतात, अशी एक कथा आपल्या रविवार पुरवणीत आली. सातपुड्याच्या पायथ्याचे बाजाराचे गाव, पावसाळ्याची सुरुवात आणि गावाबाहेरच्या घरात एकटी राहणारी विधवा. आधी तिचे पाय उलटे होतात, मग तिच्या नजरेने एकेक गावकरी बाधतो आणि पौर्णिमेला सगळे गाव शिंगे-सुळे घेऊन बाहेर पडते. खान्देशच्या मातीत अद्भुत कथा लिहिली जाते आहे, याचा आनंद आहेच. अशा कथा आणखी याव्यात असे मनापासून वाटते, म्हणून हे पत्र. या कथेने राक्षस होण्याचा क्रमच उलटा लावला आहे.

धडगाव, अक्कलकुवा भागातल्या पाड्यांवर ज्या बाईला डाकीण, म्हणजे चेटकीण, ठरवतात, तिच्यात काहीच बदललेले नसते. बदलतात ते तिचे दीर, पुतणे, शेजारी. सुरुवात बहुधा आजारपणातून होते. एखाद्या घरात पोर सारखे आजारी पडते, सांधे धरतात, डोळे पिवळे होतात. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आई-बाप दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसूनही दोष अंगात बाळगणारे असले, तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एकाच घरातली दोन लेकरे झुरू लागली की लोक कोणाची तरी नजर शोधतात. खरे तर थेंबभर रक्तावर सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली हिमोग्लोबिनची तपासणी करून निदान पक्के करतात. तिथवर न जाता घरचे भगताकडे, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिकाकडे गेले, तर तो दाणे टाकून कौल पाहतो. नाव निघते ते बहुतेक वेळा अशा बाईचे, जिच्या पाठीशी कोणी उभे राहणार नाही. ती विधवा असते, निपुत्रिक असते, किंवा तिच्या नावावरच्या तुकडाभर जमिनीवर कोणाचा तरी डोळा असतो.

राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने नेमके हेच पकडले आहे. अमुक व्यक्ती करणी करते, जनावरांचे दूध आटवते असे सांगून तिच्याविषयी संशय निर्माण करणे, तिला सैतान म्हणून जाहीर करणे हा गुन्हा आहे. शिक्षा किमान 6 महिने, कमाल 7 वर्षे. दंड 5 हजार ते 50 हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. कथालेखकाला या कायद्याची भीती बाळगायचे कारण नाही, नसावेच. पण कथेने त्या बाईला खरोखरच उलटे पाय दिले की कथेच्या जगात भगत बरोबर ठरतो. कथेशेजारी छापलेल्या मोकळ्या केसांच्या बाईच्या चित्रानेही त्याचीच बाजू घेतली. ज्या पाड्यावर आज एखादी म्हातारी दार लावून बसली आहे, तिथेही आपला अंक जातो.

माणसे राक्षस कशी होतात, हे पाहायला चंद्राची गरज नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, एवढी अफवा पुरली. त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतली जनजागृतीची फिल्म होती. मुलांना जपा असे सांगणारा तिचा शेवट कापून ती पुढे ढकलली जात होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

अफवेचा निरोप कसा असतो, हे लेखकाने नीट पाहावे. त्यात तारीख नसते, गावाचे नाव नसते. ‘आपल्या भागात’ एवढेच असते, त्यामुळे तो शहाद्यातही खरा वाटतो आणि शिरपुरातही. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना तो ओट्यावर कोणीतरी ओळखीचा माणूस वाचून दाखवतो आणि तिथून पुढे निरोपाला त्या माणसाचा भरवसा चिकटतो. बाजाराच्या दिवशी दहा गावची माणसे एकत्र येतात, कोणी कोणाला पुरते ओळखत नाही, म्हणून ‘अमका काय म्हणेल’ ही लाज सुटते. त्यात सोलापूरकडची बोली आणि इकडची भिली, अहिराणी आणि इथल्या आदिवासींची कोकणी. ‘कुठून आलात?’ या प्रश्नाचे सरळ उत्तरही परके वाटते. कथेत यातले काहीच नाही. तिथे नजर लागते आणि दोन परिच्छेदांत सुळे फुटतात.

शिंगांपासून रूपांतर सुरू केले की वाचक सुटतो, कारण शिंगवाला आपल्यातला नसतो. सुरुवात अंगठ्यापासून करून पाहावी. निरोप पुढे ढकलताना नख किंचित जाड झालेले असते, काचेवर ओरखडा उठतो. काच बदलायला म्हणून तो माणूस मोबाइलच्या दुकानात जातो, तर पेचकस धरलेला दुकानदाराचा अंगठाही तसाच. मग कान. समोरचा ‘भिक्षेला आलो’ म्हणतो, ऐकू फक्त ‘पोरं’ एवढेच येते. हात सगळ्यात शेवटी बदलावेत. आणि एक नियम कथाभर पाळावा: दुसऱ्याचा बदल प्रत्येकाला दिसतो, स्वतःचा कोणालाच नाही. हा नियम मध्येच मोडला तर भीती जाते आणि नुसता चमत्कार उरतो.

अडीच हजार शब्दांच्या कथेत पहिला हात दीड हजार शब्दांच्या आत उठू नये. अंगाच्या बदलाला सगळे मिळून तीनशे शब्द पुरेत, उरलेली जागा बाजाराला द्यावी. दुसरा दिवसही हवाच, कारण मोसम पेरणीचा आहे. त्याच हातांनी सरकी टोबायची असते, पोराच्या तोंडात भाकरीचा घास द्यायचा असतो. प्रसिद्ध झालेली कथा पहाटेच संपते आणि सगळ्यांना मोकळे सोडते.

राक्षस न झालेला एक तरी माणूस कथेत हवा; सरपंच, पोलीस पाटील, कंडक्टर, कोणीही. त्याच्या तोंडी उपदेश देऊ नये, हाताला काम द्यावे. राईनपाड्यात त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. म्हणजे खोलीत नेले की वाचले असे होत नाही. कडी आतून आहे की बाहेरून, खिडकीला गज आहेत का, मागचे दार कुठे उघडते, रेंज कुठे मिळते, पोलिसांची गाडी यायला किती वेळ लागेल, हे सगळे लेखकाने लिहायला बसण्याआधी कागदावर मांडावे. 2018 ची गोष्ट असेल तर फोन 100 ला लागतो, आजची असेल तर 112 ला. या बारकाव्यांतूनच वाचकाचा श्वास अडकतो.

एक लहान पण खटकणारी गोष्ट. कथेत पहिल्या पावसात मोहाची फुले गळताना दाखवली आहेत. मोह फाल्गुन-चैत्रात फुलतो आणि फुले वेचायला बाया पहाटे जातात. पावसाच्या तोंडावर झाडाला फळे असतात. साधे जग चुकले की त्यातल्या राक्षसावरही विश्वास बसत नाही, आणि नंदुरबारचा वाचक हे पहिल्या ओळीत पकडतो.

लेखकाच्या हाताला वेग आहे, बाजाराच्या वर्णनात तो दिसतो. त्यांनी ही कथा पुन्हा लिहावी, विधवेला माणूसच ठेवावे आणि पुरवणीने कथेला दोन रविवार द्यावेत. पहिला भाग जमावातला पहिला हात उठण्याआधी थांबवावा आणि चित्र काढायचे तर बाजाराचे काढावे.

– एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)