कान अजून शाबूत आहे

दापोडी,
११ जानेवारी

प्रिय दत्त्या,

दिवाळीतला तुझा फोन मी उचलला नाही आणि नंतर उलटा केलाही नाही. शिव्या घातल्या असशीलच. दोन महिने पत्र लिहायला बसतोय आणि उठतोय. हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतं, कारण मंगल दिवसभर घरात असते आणि तुझा आवाज फोनमधून शेजारच्या चार घरांत जातो. तब्येत बरी आहे. गुडघे होते तसेच, साखर हद्दीत.

तर घरात एक यंत्र आलंय. मंगलसाठी. झोपताना नाकातोंडावर मास्क, मास्कला सहा फुटी नळी, आणि नळीच्या टोकाला पोळ्यांच्या डब्याएवढं मशीन. ते रात्रभर हवा ढकलत राहतं. झोपेत तिचा घसा आतून मिटतो, तो मिटू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. मऊ पडलेला होज पाइप सक्शनला चिकटायचा, आठवतंय? तेच. दाब किती, तर १० सेंटीमीटर पाणी. मला हसूच आलं. आपण टायरला शंभर पौंड हवा मारणारी माणसं, आणि हा पौंडाचा जेमतेम सातवा भाग. पेल्यात दहा सेंटीमीटर खोल नळी बुडवून फुंकलं की झाला तेवढा दाब.

यंत्र काम चोख करतं. पण आवाज करतं. आता तूच सांग, ३४ वर्षं गाडीखाली काढलेल्या माणसाच्या उशाशी आवाज करणारं मशीन ठेवलं तर तो झोपेल का?

पहिल्या रात्री सूंऽऽ असा आवाज. हात फिरवून बघितलं तर मास्कच्या पुढं बारीक भोकं आणि त्यातून हवा सुटतेय. म्हटलं, सापडलं लीकेज! उठलो, ड्रॉवरमधली चिकटपट्टी काढली, भोकं बुजवली. एकदम शांत. मी खूश. दहा मिनिटांत मंगल मास्क ओरबाडून उठून बसली, घामानं चिंब. सकाळी यंत्र बसवून गेलेल्या पोराला फोन केला, तर त्यानं 'काका, काका' करत मला जे झापलं, तसं आपल्या चार्जमननंही कधी झापलं नव्हतं. अरे, ती भोकं सोडलेला श्वास बाहेर जायला ठेवलेली असतात. मी सायलेन्सर बुजवला होता, दत्त्या. बायकोच्या तोंडावर. शिकाऊ पोरांनी केलं असतं तर तू पान्हा फेकून मारला असतास. हे सुनंदावहिनींना सांगू नकोस.

तो आवाज राहणारच, हे मग मान्य केलं. भोकांसमोर रजई आली की हवा आपटून दुप्पट आवाज होतो, म्हणून रजई हनुवटीखाली, बस.

पण त्याखाली दुसरा एक आवाज होता. घुंऽऽ. मशीनला कान लावला तर मशीन गप्प. दोन रात्री गेल्या त्यात. तिसऱ्या रात्री हात टीपॉयवर पडला आणि हाताला कंप लागला. आईच्या वेळचा सागवानी टीपॉय, खाली पोकळ ड्रॉवर, ड्रॉवरमध्ये मंगलच्या बांगड्यांचा डबा. सगळं मिळून तबला झालेला. मडगार्डच्या फ्लॅपचा एक तुकडा माळ्यावर पडला होता (हो, तोच, कुठून आला ते तुला माहीत आहे), तो कापून खाली घातला. घुंऽऽ गायब. मंगल म्हणाली, 'घरात टायरचा वास येतोय.' मला तर छान झोप लागली त्या वासात.

मग डिसेंबरची थंडी पडली आणि हुक्का सुरू झाला. गुडगुड, गुडगुड. मशीनमध्ये पाण्याची टाकी असते, हवा कोरडी जाऊ नये म्हणून. गरम ओली हवा थंड नळीतून जाताना तिचं पाणी होतं आणि नळीच्या झोळात साचतं. एका रात्री तो थेंब हवेबरोबर वर चढून सरळ हिच्या नाकात. ती दचकून उठली आणि मला म्हणाली, 'पाणी शिंपडून काय उठवताय?' ओलावा दोन घर कमी केला, मशीन गादीच्या पातळीखाली येईल अशा बेतानं पाटावर ठेवलं, आणि नळी खिळ्याला अडकवून वरून आणली, म्हणजे पाणी टाकीकडं परत उतरतं. तुझ्या त्या खाकी स्वेटरची बाही नळीवर चढवलीय. स्वेटर तू विसरला होतास, मी चोरला नव्हता, हे परत एकदा लिहून ठेवतो.

पहाटे तीनची शिट्टी मात्र छळायची. बरोबर तीन-साडेतीनला. पहाटेच्या झोपेत घसा जास्त ढिला पडतो, मशीन आपोआप दाब वाढवतं, आणि मास्कची कड कुठंतरी उचलली जाते. मी आपला पट्टे आवळत गेलो. सकाळी बिचारीच्या गालावर वळ. भाजीवाली माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागली की मी कोथिंबीर आणायला जाणं सोडलं. शेवटी कळलं, जास्त आवळलं की रबर चेपून सुरकुततं आणि उलट गळतं. हेडच्या गॅस्केटचं आपण काय वेगळं सांगायचो? पट्टे ढिले केले, आणि तेही ती आडवी झाल्यावर, कारण बसल्यावर चेहरा वेगळा असतो. शिवाय ती झोपताना खोबरेल चोपडायची, त्यावर रबर घसरायचं. ते बंद. आता रोज सकाळी मी मास्क साबणाच्या पाण्यानं धुतो. एअर फिल्टर काढला तर देवघरातल्या उदबत्तीनं काळा झालेला. नवा घातला.

हे यंत्र कुणी काढलं बघ, सिडनीचा एक डॉक्टर, कॉलिन सलिव्हन. १९८१ साली त्यानं त्यावरचा लेख छापला. मोटार कसली वापरली असेल? व्हॅक्यूम क्लीनरची! माणूस आपल्या जातीचा.

बरं. आता ज्यासाठी दोन महिने उठबस चालली होती ते.

गणपतीपुळे.

तू म्हणशील, बारा वर्षांनी काय उकरतोस. पण ऐक. मंगलचं बीपी तीन गोळ्यांनी उतरेना, म्हणून मोठ्या डॉक्टरकडं नेलं. पोरसवदा डॉक्टर. त्यानं टेप काढून हिचा गळा मोजला, ब्लाउजच्या शिंप्यासारखा, आणि विचारलं, घोरतात का? मी झालो सुरू. ते मिसफायरिंगचं, ते रात्रपाळीच्या गाडीचं, सगळे विनोद, जे मी कुणाच्याही हळदीकुंकवात, बारशात करायचो. डॉक्टर हसला नाही. म्हणाला, 'घोरता घोरता श्वास थांबलेला कधी कुणी बघितलाय?'

मी म्हणालो, 'नाही.'

दत्त्या, मी नाही म्हणालो. त्या क्षणी भक्तनिवासातली ती खोली दिसत होती, तुझा हात माझ्या खांद्यावर दिसत होता, आणि मी नाही म्हणालो. त्या रात्री तुला जे बोललो, 'माझ्या बायकोकडं रात्री बघत बसतोस का', तेही ऐकू येत होतं.

घरी येताना स्कूटरवर मागून मंगल म्हणाली, 'दत्तूभावजींनी सांगितलं होतं ना.'

ती जागी होती रे. तू मला उठवलंस तेव्हा. मी जे बोललो ते तिनं सगळं ऐकलं होतं. साताऱ्यापर्यंत आपण वेगवेगळ्या सीटवर बसलो, पुढं आठ महिने बोललो नाही, तेवढा काळ तिला माहीत होतं. मी म्हटलं, 'मग तेव्हाच का नाही बोललीस?' तर म्हणे, 'तुमचं दोघांचं जुळत आलं होतं. पुन्हा मी कशाला काडी घालू?'

गेली दहा वर्षं ती बैठकीत झोपायची. उकाडा होतो म्हणायची. मेथी निवडता निवडता झोपायची, दूध उतू घालवायची, आणि मी ओरडायचो. तपासणीत निघालं की तासाला ४१ वेळा श्वास अडतोय. पाचाच्या आत असला तर ठीक, तीसच्या वर गंभीर. बारा वर्षांच्या रात्रींचे तास किती होतात ते मी कागदावर मांडायला घेतलं होतं, मग कागद फाडला.

तू बरोबर होतास. लिहिलं एकदाचं. हे पत्र फ्रेम करून लावू नकोस.

आता ती आत झोपते. सकाळी डोकं धरून बसत नाही. परवा दुपारी पूर्ण मालिका जागेपणी बघितली आणि म्हणाली, किती रटाळ आहे हो ही.

तुझं मोतीबिंदूचं झालं ना? दुसरा डोळा लांबवू नकोस. नातवाचं बारसं चुकलं, त्याचा अहेर ठेवलाय. कराडचा प्लॉट विकू नकोस एवढ्यात.

आता एकच आवाज राहिलाय. टिक्. श्वास सोडताना, दर वेळी नाही, सात-आठ श्वासांनी एकदा. मशीनमधून नाही, नळीतून नाही, मास्कला नळी जोडणाऱ्या वाकड्या तुकड्यातून येतो असा माझा संशय आहे. तिथं आत एक पातळ पडदा असतो, लाइट गेली आणि मशीन बंद पडलं तर बाहेरची हवा घेता यावी म्हणून. तो फडफडत असणार. मंगल म्हणते, असला काही आवाज नाही, तुमचे कान वाजतात. चिकटपट्टी प्रकरणापासून मी त्या भागाला हात लावत नाही. पोराला बोलावलं तर तो दिवसा येणार, आणि दिवसा काय ऐकू येणार?

तू ये. पास चालत असेल तर पासावर, नाहीतर अर्धं तिकीट आहेच. रात्री मुक्काम कर, बारानंतर कान लाव आणि सांग तो पडदाच आहे का. मंगलनंच सांगितलंय तुला बोलवायला, शेंगोळे करणार आहे. आणि येताना लाकडी मुठीचा तो लांब स्क्रूड्रायव्हर आण, कानाला लावायचा. तो माझा आहे. १९९४ पासून तुझ्याकडं आहे.

तुझा,
बाळ्या