स्मार्ट मीटरची नोंद नळधारकाच्या हाती द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

राज्यातल्या अनेक शहरांत घरगुती नळजोडांना स्मार्ट मीटर बसवले जात आहेत, आणि ते बसले की पहिली तक्रार बहुतेक ठिकाणी एकच असते : नवा मीटर पळतो. पश्चिम महाराष्ट्रातील ज्या शहरात मी राहतो तिथेही हेच ऐकू येते, आणि या उन्हाळ्यापर्यंत मीही तेच म्हणत होतो. मार्च आणि एप्रिल या दोन महिन्यांचे आमचे पाणीबिल ९७ युनिटांचे आले. एक युनिट म्हणजे १,००० लिटर. आमचे पाच माणसांचे कुटुंब आहे आणि त्याआधीची बिले ४० युनिटांच्या आसपास असत. दोन महिन्यांना ४० युनिट म्हणजे माणशी दररोज सुमारे १३३ लिटर, आणि शहरी पाणीपुरवठ्यासाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शिकेत जे १३५ लिटरचे प्रमाण धरले जाते त्याच्या जवळपास आमचा वापर होता. घरात पाहुणे नव्हते, बांधकाम नव्हते, बागही नाही. मग ५७ युनिट पाणी गेले कुठे, हे शोधायला आम्हाला जवळजवळ महिना लागला. त्या शोधात जे समजले ते इतर नळधारकांना आणि पाणीपुरवठा खात्यांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

कार्यालयात गेलो तेव्हा मिळालेले उत्तर थोडक्यात असे होते की मीटर बरोबर आहे, गळती तुमच्या घरात आहे, बिल भरावे लागेल. यातला एक शब्दही पुढे खोटा ठरला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे, ती पुढे येईल.

मीटरवर संशय असलेल्या प्रत्येकाने आधी करून पाहावी अशी एक साधी चाचणी आहे. मीटरनंतर आणि टाकीच्या आधी अंगणात जो थेट नळ असतो, तो सोडून बाकी सर्व झडपा बंद कराव्यात, मीटरवरचा आकडा टिपून घ्यावा आणि २० लिटरची, आधी मापून घेतलेली बादली पाच वेळा काठोकाठ भरावी. आमच्या मीटरने १०० लिटरला १०१ लिटर दाखवले. घरगुती वापराच्या नव्या मीटरला नेहमीच्या प्रवाहात दोन टक्क्यांपर्यंत फरक चालतो, त्यामुळे आमच्या मीटरला दोष देण्यासारखे काही उरले नाही. पुष्कळ घरांत नवा मीटर बसल्यावर बिल वाढते त्याचे कारण बऱ्याचदा जुन्या मीटरमध्ये असते. वर्षानुवर्षे वापरलेला यांत्रिक मीटर झिजतो, बारीक धारेला त्याचे चक्र फिरतच नाही, आणि तो प्रत्यक्षापेक्षा कमी पाणी मोजत राहतो.

दुसरा संशय हवेचा होता. आमच्याकडे पाणी पहाटे साडेपाच ते सात एवढाच वेळ येते. रिकाम्या वाहिनीत साठलेली हवा पाण्यापुढे ढकलली जाते आणि चक्राच्या मीटरला ती पाण्यासारखीच फिरवते. हा आरोप खरा आहे, आणि ज्या भागांत दिवसाआड पाणी येते तिथे तो अधिक गंभीर असू शकतो. म्हणून चार दिवस पहाटे उठून मी पाणी येण्यापूर्वीचा आणि नळाला प्रत्यक्ष धार लागतानाचा असे दोन्ही आकडे टिपले. फरक सर्वाधिक ९ लिटरचा निघाला. साठ दिवसांना गुणले तरी तो अर्ध्या युनिटाच्या जरासा पुढे जातो. हवेने आमचे बिल वाढवले होते, पण अर्ध्या युनिटाने, ५७ युनिटांनी नाही.

या टप्प्यावर मी कागद-पेन घेऊन बसलो, आणि ते पहिल्याच दिवशी करायला हवे होते. ५७,००० लिटर भागिले ६० दिवस म्हणजे रोजचे ९५० लिटर. तासाला सुमारे ४० लिटर. मिनिटाला दोन-अडीच पेले. म्हणजे रात्रंदिवस न थांबणारी एक बारीकशी धार आम्ही शोधत होतो. हा आकडा हाती आला की निम्मे संशय आपोआप गळून पडतात. थेंब-थेंब ठिबकणारा स्वयंपाकघरातला नळ इतके पाणी घालवू शकत नाही. अशुद्ध पाणी बाहेर टाकणारे आरओ यंत्र एका कुटुंबाच्या पिण्याच्या पाण्यापायी दिवसाला ९०० लिटर फेकत नाही. फ्लशच्या टाकीचा वॉशर झिजला असेल तर मात्र एवढी धार सहज लागू शकते, आणि ती भांड्याच्या कडेने इतकी शांतपणे वाहते की ती दिसत नाही.

म्हणून प्लंबरच्या सांगण्यावरून आम्ही तिन्ही फ्लशच्या टाक्यांत खाण्याचा लाल रंग टाकला आणि अर्धा तास कोणालाही वापरू दिले नाही. एका भांड्यात रंग उतरला. वॉशर बदलला, सगळ्यांना हायसे वाटले आणि आम्ही शोध थांबवला. ही आमची मोठी चूक होती, कारण त्या समाधानात दहा दिवस गेले. मी रोज मीटर वाचत होतो म्हणून निदान एवढे तरी कळले की दररोजचे पाणी १,६०० लिटरवरून केवळ १,५६० पर्यंत उतरले आहे. गळती सापडली होती, पण जी शोधत होतो ती नव्हे.

यानंतर टाक्यांकडे वळलो. रात्री दहा वाजता पंप बंद केला, गच्चीवरच्या टाकीतली पातळी पट्टीने मोजली, घरातले सर्व नळ बंद ठेवून पहाटे पुन्हा मोजली. पातळी जशीच्या तशी होती. त्यामुळे वरची टाकी, भिंतींतले पाइप, स्वच्छतागृहे आणि सोलरची जोडणी हे सर्व एका रात्रीत संशयातून मोकळे झाले. दुसऱ्या रात्री हीच परीक्षा जमिनीखालच्या टाकीची घेतली. ती आतून दोन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद आहे, म्हणजे पातळी एक सेंटीमीटर उतरली की २५ लिटर पाणी कमी झाले. सात तासांत पातळी ११ सेंटीमीटर उतरली होती. २७५ लिटर भागिले ७, म्हणजे तासाला ३९ लिटर. कागदावरचा आकडा ४० होता. दोन्ही आकडे इतके जुळावेत यात थोडा योगायोग आहे, कारण टाकी भरलेली असताना गळती जास्त आणि रिकामी होत जाईल तशी कमी होते; पण आता शंका उरली नाही.

तडा नेमका कुठे आहे हे शोधण्याची रीत आम्हाला एका वयस्कर गवंड्याने सांगितली, आणि ती मला फार आवडली. टाकी भरू नका, तिचे पाणी तिला वाटेल तितके उतरू द्या. पातळी जिथे येऊन थांबेल त्या रेषेत भोक असते. पाणी तळापासून दोन फुटांवर थांबले. त्याच उंचीवर पंपाकडे जाणारा पाइप भिंतीतून बाहेर पडतो, आणि त्या सांध्याशी शेजारच्या शेवग्याची मुळे शिरलेली निघाली. घराखाली सगळा मुरूम असल्याने पाणी सरळ खाली जिरत होते आणि अंगणात ओल म्हणून दिसलीच नाही. ज्या दोन महिन्यांत आमच्याच वाहिनीच्या शेवटच्या टोकावरील घरे करंगळीएवढ्या धारेवर हंडे भरत होती, त्या दोन महिन्यांत आम्ही दहा हजार लिटरचे जवळपास सहा टँकर जमिनीत ओतले. बिलाच्या रकमेपेक्षा हे अधिक लागले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमचा मीटर दर तासाची नोंद स्वतःजवळ साठवतो आणि रेडिओ लहरींद्वारे ती खात्याच्या माणसाला देतो. तिसऱ्या खेपेस विनंती केल्यावर एका सहृदय कर्मचाऱ्याने त्या नोंदींचा कागद छापून दिला. त्यावर अगदी स्वच्छ दिसत होते की आमचे रोजचे पाणी ६५० लिटरवरून चढू लागले आणि दहा-बारा दिवसांत १,६०० वर जाऊन स्थिरावले. अशी हळूहळू चढण असेल तर तडा किंवा सांधा रुंदावत आहे असे समजावे. एका दिवसात उडी असेल तर पाइप फुटला किंवा टाकीचा बॉल कॉक अडकला असे समजावे. हा कागद मार्चच्या मध्यावर मिळाला असता तर आमचे बहुतेक पाणी वाचले असते. तो मिळाला मे महिन्यात, बिलावर वाद घालायला गेलो तेव्हा. मीटरला सर्व माहीत होते, खात्याजवळ ते पोहोचत होते, आणि ज्याच्या अंगणात पाणी मुरत होते तो एकटाच अंधारात होता. माझी तक्रार आहे ती ही.

मग मीटरने गळतीचा इशारा का दिला नाही, असे मी विचारले. उत्तर असे की इशारा देण्याची सोय आहे, पण ती वाजली नाही. कारण समजून घेण्यासारखे आहे. चोवीस तासांत एकही तास प्रवाह शून्यावर आला नाही, तर गळती आहे असे मानायचे, या तत्त्वावर ही सोय चालते. जिथे दिवसरात्र दाबाने पाणी येते आणि नळ थेट वाहिनीवर असतात तिथे हे अचूक ठरते, कारण रात्री दोनला घर झोपलेले असताना मीटर फिरत असेल तर काहीतरी गळतेच आहे. आपल्याकडे वाहिनीच दिवसाचे बावीस तास कोरडी असते. मीटर पाहतो ते एवढेच की पहाटे दीड तास टाकी भरली. टाकीतून पुढे ते पाणी माणसांनी वापरले की जमिनीने पिऊन टाकले, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी आणि असे मीटर ही जोडी फार पूर्वीच करून दाखवली आहे. पण बहुतेक शहरांत आधी मीटर येत आहेत आणि चोवीस तासांचे पाणी कधीतरी नंतर येणार आहे. तोपर्यंत इशाऱ्याचा नियम आपल्या पाण्याच्या वेळांना धरून बदलावा लागेल. ज्या घराने आपल्या आधीच्या महिन्याच्या सरासरीच्या दीडपट पाणी सलग तीन-चार दिवस घेतले, त्या घराला एक संदेश जावा, इतका साधा नियमही पुरेसा आहे. घरात लग्नकार्य असेल तर माणूस तो संदेश पाहून सोडून देईल. त्याने कोणाचे नुकसान नाही.

हा संदेश केवळ मोबाइल ॲपवर देऊन भागणार नाही. आमच्या गल्लीत चार घरांत केवळ वृद्ध माणसे राहतात, आणि भाड्याच्या घरांत नळजोड मालकाच्या नावावर आणि फोन नंबरही त्याचाच असतो. बिलाच्या मागच्या कोऱ्या पानावर रोजच्या वापराचे आकडे छापले, तरी पुष्कळ होईल. मात्र एक काळजी घ्यावी. तासागणिक नोंद पाहून कोणते घर कधी बंद असते हे कोणालाही ओळखता येते, तेव्हा ती ज्याची त्यालाच मिळावी, प्रभागाच्या व्हॉट्सॲप गटावर याद्या टाकण्याचा उत्साह कोणी करू नये.

सोसायट्यांची अडचण आणखी वेगळी आहे, कारण तिथे फाटकाशी एकच मीटर असतो आणि प्रत्येक सदनिकेत गच्चीवरून तीन-चार वेगवेगळ्या वाहिन्या उतरतात, त्यामुळे घरागणिक मोजमाप करायचे तर एका घराला तीन-चार मीटर लागतात. शेजारच्या चोवीस सदनिकांच्या इमारतीत असेच बिल वाढले तेव्हा आठवडाभर सभासद एकमेकांच्या वॉशिंग मशीनकडे बोट दाखवत होते. प्रत्यक्षात पंप आपोआप बंद करणारी यंत्रणा बिघडली होती आणि गच्चीवरची टाकी रोज पहाटे भरून वाहत होती. तिची ओव्हरफ्लोची नळी पावसाळी पाइपात सोडलेली असल्याने एक थेंबही कोणाच्या नजरेस पडला नाही. ओव्हरफ्लोची नळी नेहमी अशा जागी सोडावी की वाहिली तर येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय भिजतील.

शेवटची विनंती आकारणीबद्दल आहे. वापर वाढेल तसा दर वाढत जाणारी टप्प्यांची पद्धत मला मान्य आहे. उधळपट्टी करणाऱ्याने जास्त द्यावे. पण जमिनीखालची गळती ही उधळपट्टी नाही. दुरुस्तीची पावती, छायाचित्रे आणि त्यानंतर उतरलेले आकडे दाखवणाऱ्या ग्राहकाला एकदा तरी ते जास्तीचे पाणी पहिल्या टप्प्याच्या दराने आकारावे, म्हणजे लोक गळती लपवण्याऐवजी शोधतील. तसेच मीटरची चाचणी ग्राहकासमोर, लेखी निष्कर्ष देऊन करण्याची सोय प्रत्येक कार्यालयात असावी. बादलीने मी जे पाहिले ते मला पटले, पण बादली प्रत्येकाला पटेल असे नाही.

शेवग्याची मुळे काढून, सांधा फोडून नव्याने बसवून आणि आतून गिलावा करून टाकी दुरुस्त झाली. त्यानंतर मी रोज सकाळी सात वाजता मीटर वाचून स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आकडा लिहितो. काल ६४० लिटर होते. वाढीव बिलात सवलत मिळावी म्हणून अर्ज दिला आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

आपला विश्वासू,
एक नळधारक