मासे मरायची वाट कशाला पाहायची?

महोदय,

मुळा-मुठेत मासे मरून तरंगू लागले की पाण्याचे नमुने घेतले जातात. तोवर मारणारे पाणी पुढे गेलेले असते. शिवाय नमुना दुपारी घेतला, तर शेवाळाने उन्हात सोडलेल्या प्राणवायूमुळे पाण्यातल्या प्राणवायूचा आकडा बरा दिसतो. तो सर्वांत खाली जातो पहाटे. माशाच्या कातडीवर आणि कल्ल्यांवर जो बुळबुळीत थर असतो, त्यात जिवाणूंची वस्ती असते. पाणी बिघडून माशावर ताण आला की ही वस्ती बदलते, पुष्कळदा मासा धडधाकट दिसत असतानाच. म्हणून नदीच्या नियमित तपासणीत जिवंत माशांचे स्वॅब घ्यावेत.

खडकवासल्याच्या वर, संगमाजवळ, मुंढव्याखाली आणि भीमेला मिळण्याआधी, अशी चार ठिकाणे. प्रत्येक ठिकाणी एकाच जातीचे, साधारण एकाच मापाचे १५ मासे. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा अशा तीन फेऱ्या. म्हणजे वर्षाला १८० मासे. चिलापी बहुतेक सगळीकडे मिळेल, पण ती चिवट आहे, इशारा उशिरा देईल. जोडीला एखादी स्थानिक जात हवीच. दख्खनच्या महसीरची शास्त्रीय नोंद ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक साइक्स यांनी १८३९ मध्ये केली ती पुण्याच्या पूर्वेकडच्या याच मुळा-मुठेतून, हे विसरू नये.

मासा रात्रभर जाळ्यात अडकलेला नको. थर घासला जातो, मेल्यावर वस्तीही बदलते. नवे हातमोजे घालून, निर्जंतुक पाण्याने हलके धुवून, कल्ल्याच्या झाकणामागून शेपटीकडे एकाच बाजूने स्वॅब फिरवावा आणि मासा लगेच सोडून द्यावा. सोबत नदीचे पाणी ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, जिवाणू अडकलेली ती गाळणी जपून ठेवावी, नाहीतर पाण्यातले जिवाणू माशाचे समजले जातील. न वापरलेला एक कोरा स्वॅबही त्याच प्रवासातून न्यावा, म्हणजे वाटेत बाहेरून मिसळलेले जिवाणू ओळखता येतील. नमुने बर्फात ठेवून उणे ८० अंशांपर्यंत पोचवावेत. एका ठिकाणचे बर्फात आणि दुसऱ्याचे अल्कोहोलमध्ये असे कदापि करू नये. फरक साठवणीचा असतो आणि दिसतो नदीचा.

प्रयोगशाळेत १६-एस हे जिवाणूंची ओळख पटवणारे जनुक वाचताना माशाच्या स्वतःच्या पेशींतला डीएनएही त्यात येतो, तो वगळावा लागतो. चारही ठिकाणचे नमुने एकमेकांत न मिसळता, पण आलटून-पालटून यंत्रावर लावावेत; एका ठिकाणचे सगळे एकदम नको. मोठी चूक होते ती निकाल वाचताना. एरोमोनास हा माशांना रोग करू शकणारा जिवाणू गोड्या पाण्यातल्या निरोगी माशांवरही असतो. त्याचा वाटा वाढला म्हणजे तो वाढला असेल किंवा बाकीचे घटले असतील. एकूण जिवाणू मोजल्याशिवाय यातले काय झाले ते कळत नाही.

पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरून कोणतीही घोषणा करू नये. ऋतूबरोबर ही वस्ती आपोआप बदलते, आणि तो बदल ओळखायला दोन-तीन वर्षांची नोंद लागेल. राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र पुण्यातच आहे. महापालिकेने त्यांच्याशी बोलून पहिली फेरी या हिवाळ्यात घ्यावी.

— एक वाचक, पाषाण, पुणे