बाहेरचा दिवा

प्रिय आई-बाबा,

दाराबाहेरचा दिवा रात्रभर जळत ठेवू नका, असं मी म्हटलं आणि परवा फोनवर वाद झाला, म्हणून हे पत्र. फोनवर बाबा ‘बरं, ठेवतो’ म्हणतात आणि माझं बोलणं अर्धंच राहतं. पत्राचं तसं होत नाही.

‘एका दिव्याने काय पृथ्वी वाचणार आहे?’ असं विचारलंत, बाबा. नाही वाचणार. मी हिशेब केला. बाहेरचा तो नऊ वॅटचा दिवा रोज बारा तास जळला तरी वर्षाला चाळीसच्या आत युनिटं होतात. विजेच्या बाबतीत तुम्ही जिंकलात. पण मी विजेबद्दल बोलतच नव्हते. तो पांढरा उजेड रात्रभर तुमच्या खिडकीतून आत येतो आणि तुम्हाला तीनला जाग येते. झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात अंधार पडल्यावर वाढतं आणि उजेडाने, त्यातही निळसर-पांढऱ्या उजेडाने, दबतं. जाग येण्याचं कारण केवळ दिवाच आहे असं मी म्हणत नाही, वयही आहे. पण दिवा तरी आपल्या हातात आहे.

दुसरी गोष्ट त्याच्याभोवती फिरणाऱ्या पतंगांची. कवितेत पतंग ज्योतीच्या प्रेमात पडतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी हे चित्रित केलं, तर प्रेमबीम काही निघालं नाही! उडणारे कीटक उजळ बाजूकडे पाठ ठेवतात, कारण रात्रीही आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं. जवळ दिवा असला की ते त्यालाच आकाश समजतात, त्याच्याकडे पाठ करत राहतात आणि तिथेच घिरट्या घालत अडकतात, कित्येकदा थकून पडेपर्यंत. हेच पतंग रात्री फुलांचं परागीभवन करतात आणि त्यांच्या अळ्यांवर कितीतरी पक्ष्यांची पिल्लं वाढतात. आई, ‘हल्ली पाखरं दिसत नाहीत’ असं तू म्हणतेस ना? त्याला कारणं पुष्कळ आहेत, त्यातलं एक छोटंसं आपल्या दारावर टांगलेलं आहे.

आता माझी कबुली. गेल्या वर्षी मीच झोपत नव्हते. औद्योगिकीकरणाआधीच्या तुलनेत दीड अंशाहून जास्त तापलेलं पहिलं वर्ष म्हणून २०२४ ची नोंद झाली, त्या बातम्या मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचायचे. जीव जाळून घेतला की आपण काहीतरी केलं, असं वाटायचं. कुणाचं काही भलं झालं नाही, माझं डोकं तेवढं दुखायचं. मग सकाळी दहा मिनिटं, फोन आत ठेवून, कुंड्यांपाशी नुसतं बसायला लागले. त्याला सजगता म्हणतात म्हणे. पहिले दोन आठवडे मला फक्त कंटाळा आला.

तिसऱ्या आठवड्यात गुलाबाच्या पानांच्या कडांना गोल गोल कापे दिसले, कुणीतरी पंचने पाडल्यासारखे. कीड समजून मी औषध मारायला उठलेच होते. पण बसायची वेळ संपली नव्हती, म्हणून बसून राहिले. तेवढ्यात एक मधमाशी आली, पानाचा तुकडा सफाईने कापून पोटाखाली धरला आणि निघून गेली. या माश्या अंडी घालण्यासाठी पानांचे कप्पे करतात, गुलाबाचं त्यात फारसं काही बिघडत नाही. औषधाची बाटली तशीच पडून आहे. त्या दिवशी डोकंही दुखलं नाही. दोन्हीचा संबंध आहे की नाही, कोण जाणे.

आई, आता तुला रागावते. विजेची बचत म्हणून भर उन्हाळ्यात पंखा बंद करून बसतेस, ते बंद कर. वय वाढलं की तहान कमी लागते आणि घामही कमी येतो, म्हणून ऊन बाधतंय हे उशिरा कळतं. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्म्याने सत्तर हजारांहून अधिक माणसं गेली, त्यात म्हातारी माणसंच जास्त. तुला घामाघूम बसवून हवामान सुधारणार नाही. पंखा लाव, तहान नसली तरी पाणी पी. पारा चाळिशीपार गेला की मात्र पंखा गरम वाराच मारतो, तेव्हा अंगावर ओलं फडकं घे आणि घरातली सगळ्यात गार खोली धर.

आणि उरलेलं अन्न ‘वाया नको’ म्हणून स्वतःच्या पोटात ढकलू नकोस. २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं साठ टक्के घराघरांतलं, हे मलाही ठाऊक आहे. पण उपाय चुलीपाशी आहे: दोघांपुरतंच रांध. रात्री डब्याचा तळ खरवडणं ही काटकसर नव्हे, तुझ्या पित्ताला आमंत्रण आहे.

दिव्याचं राहिलंच. बाबा, पायरीवर अंधार मलाही नको, तुम्ही पडलात तर काय करू? चाहूल लागली की पेटणारा, पिवळसर, खाली तोंड असलेला दिवा घेतला आहे, पार्सलने येईल. वाद झाल्यावर आईने सांगितलं की, मी रात्री उशिरा घरी यायचे, तेव्हापासून तुम्ही तो रात्रभर लावून ठेवता. मला हे माहीत नव्हतं. आधी कळलं असतं तर इतकं तावातावाने बोलले नसते.

पुढच्या महिन्यात रात्रीच्या गाडीने येते आहे. जागे राहू नका. पायरीवर पाऊल ठेवलं की दिवा लागेल.

तुमची,
लेक