सात नंबरचं कार्ड

गिरगाव, मुंबई
अनंत चतुर्दशीनंतरचा रविवार

प्रिय सुध्या,

काकूंच्या तेराव्याला आपण एकाच पंगतीत शेजारी बसलो. तू मिठाची वाटी सरकवलीस, मी घेतली, आणि दोघांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. मला तेव्हाच सांगायचं होतं. पण तोंड उघडलं असतं तर तिथेच रडलो असतो, म्हणून पानात मान घालून बसलो. नंतर दोनदा फोन हातात घेतला. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतोस आणि मला पुढचं सुचत नाही. म्हणून लिहितोय.

माझी तब्येत बरी. शुगरची गोळी सकाळी एक. आईचा गुडघा आहे तसाच.

आता ऐक. मे महिन्यात चाळ रिकामी करायची तारीख आली. सामान हलायच्या आदल्या दिवशी मी काकांच्या खोलीत कॅमेरा लावला. काका बोलणार एवढंच ठरलं होतं. काकू नेहमीसारख्या "मला नको रे त्यात घेऊ" म्हणत आत गेल्या. अर्ध्या तासाने मेथीची जुडी आणि परात घेऊन आपणहून बाहेर आल्या आणि खाटेवर काकांच्या शेजारी बसल्या. मी काही बोललो नाही, फोकससुद्धा हळूच सरकवला, न जाणो उठून गेल्या तर! मेथी निवडता निवडता त्या पाऊण तास बोलल्या. १९८२ च्या संपात त्यांच्या वडलांची गिरणी बंद पडली, माहेरी पगार थांबला, आणि त्याच वर्षी त्यांनी बांगड्या मोडून काकांना पहिला कॅमेरा घेऊन दिला. आपण दोघं त्या घरात पंचवीस वर्षं जेवलो. ही गोष्ट आपल्याला कधी कुणी सांगितली होती का रे? मग त्या तुझ्या-माझ्यावर आल्या. दोघं वेगळे झालात ते मला रुचलं नाही, असं काहीतरी म्हणाल्या. नेमके शब्द मला आठवत नाहीत. कॅमेरा चालू होता, म्हणून मी ते मनात धरून ठेवले नाहीत. तेच आता खातंय.

ते सगळं ज्या मेमरी कार्डावर होतं ते मेलं. आणि ते कार्ड तुझं होतं.

सात नंबर. लाल टेप लावून तू "निवृत्त" लिहिलेलं. कपाटाच्या खालच्या खणात, तुझ्या त्या वहीखाली पडलेलं. माझ्याकडची चांगली कार्डं त्या दिवशी पोराकडे होती, तो पनवेलच्या लग्नावर गेला होता. काकांसाठी म्हणून मुद्दाम फोर के लावलं होतं, १०० एमबीपीएस. म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट, तासाला ४५ जीबी, ६४ च्या कार्डात सव्वा तासाहून थोडं जास्त. दोन्ही स्लॉटला एकदम रेकॉर्डिंग लावलं असतं तर मध्येच थांबावं लागलं असतं. म्हणून रिले लावलं, एक भरलं की दुसरं. पहिल्या स्लॉटला सात नंबर. टेप मी नखाने काढली, सुध्या. फॉरमॅट मारला, घेतलं त्याने. मी म्हटलं, सुध्या उगाच घाबरतो.

दुसरं कार्ड ठणठणीत आहे. त्यावर चाळीस मिनिटं आहेत. त्यात काकू दिसत नाहीत, त्या स्वयंपाकाला उठल्या होत्या. मागे फक्त फोडणीचा चर्र आवाज येतो. मी तो आवाज किती वेळा ऐकला असेन!

त्याच दिवशी कॉपी का नाही केलं, हे तू विचारणारच. सीझन होता. रात्री अकराला घरी, सकाळी सहाला ठाण्याला. कार्ड पाकिटात, पाकीट बॅगेत, बॅग गाडीच्या डिकीत, आणि मे महिन्याचं ऊन. नंतर पाऊस लागला तसं ते कपाटात गेलं. काकू श्रावणात गेल्या, त्या रात्री कार्ड रीडरला लावलं. "फॉरमॅट करायचं का" एवढंच विचारलं. दुसऱ्या रीडरला तर दिसलंच नाही.

लॅमिंग्टन रोडला एका माडीवर एक पोरगा बसतो, डेटा काढून देतो. त्याने विचारलं, हे किती वेळा भरलंय-पुसलंय? मी तुझी वही काढली. तुझ्या त्या उभ्या रेघा आणि पाचवी आडवी! तारेवरच्या चिमण्या म्हणून सगळ्या युनिटसमोर हसलो होतो ना मी? सातच्या पानावर सहाशेच्या वर चिमण्या बसल्यात. पोरगा म्हणाला, आकडा भयंकर नाही. हल्लीच्या कार्डातल्या टीएलसी पेशी, म्हणजे एकीत तीन बिट भरणाऱ्या, साधारण हजार ते तीन हजार वेळा लिहून घेतात, पूर्वीच्या एसएलसी, एकच बिट ठेवणाऱ्या, लाखभर. पण झिजलेल्या पेशीत चार्ज टिकत नाही, हळूहळू गळतो, आणि गरमीत लवकर गळतो. लिहिलं त्या दिवशी वाचलं असतं तर बहुतेक सगळं मिळालं असतं. अडीच महिने ठेवलं तिथे घात झाला. कंट्रोलर म्हणजे कार्डातला मेंदू, त्याला स्वतः जागं व्हायला जे लागतं तेसुद्धा त्याच चिपमध्ये लिहिलेलं असतं. ते बिघडलं की कार्ड दिसतच नाही.

तुला आठवतं, २०२१ च्या जुलैत तुझ्या दुकानात छातीपर्यंत पाणी चढलं होतं? कार्डं तू गाळातून काढलीस, धुतलीस, पंख्याखाली वाळवलीस आणि सगळी चालली. मी दहा जणांना सांगत फिरलो की कार्ड पुरातही मरत नाही. पाण्याने त्याचं फारसं बिघडत नाही हे खरंच. कपाटात मरतं हे मला कळलं नव्हतं. काका व्हिडिओ टेपेच्या बाजूने भांडायचे तेव्हा हेच सांगायचे. टेपेला चुरगळा पडला तर तेवढं चित्र फाटतं, बाकीची टेप शाबूत. पॅनासॉनिकच्या कॅमेऱ्याचं पी-टू कार्ड पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तू त्यांना ऐकवलं होतंस की आत चार एसडी कार्डं एकत्र बांधलीत, आणि काका म्हणाले, "मग चार बायकांचा संसार, एक रुसली की चूल बंद." काकूंनी आतून लाटणं आपटलं होतं.

आणि आपलं भांडण. तू म्हणालास, तीन वर्षं झालेली सगळी कार्डं बदलू. मी म्हटलं, चालणारी वस्तू कोण फेकतं, त्या पैशात लाइट घेऊ. लाइट आले, तू गेलास. लाइटसाठी कुणी भागीदारी मोडत नाही, मला माहीत आहे. मी तुला सगळ्यांसमोर भित्रा म्हणालो, त्यासाठी मोडली. त्या शब्दाबद्दल मी तुझी माफी मागतो. आधीच मागायला हवी होती.

पोरगा कामाचा आहे. या कार्डात चिप वेगळी, कंट्रोलर वेगळा असं नसतं, सगळं एकाच काळ्या वडीत ओतलेलं. त्याने मायक्रोस्कोपखाली वरचा काळा थर दोन दिवस खरवडला. खाली तांब्याचे बारीक ठिपके निघाले. त्यावर केसाएवढ्या तारा जोडल्या, एकेक करून. मी श्वास रोखून बघत होतो. चिप वाचली गेली. बरेच तुकडे निघालेत, पण फाइलची अनुक्रमणिका गेली आहे, कुठली फ्रेम कुठे सुरू होते ते कळत नाही. ती नव्याने बांधायला त्याला त्याच मॉडेलची, त्याच सेटिंगची आणखी एक धडधाकट क्लिप हवी आहे, दुसऱ्या कार्डावरची एकटी पुरत नाही म्हणतो. माझ्या जुन्या सगळ्या क्लिपा फुल एचडीच्या. आणि माझी कॅमेऱ्याची बॉडी मी जुलैत एक्सचेंजमध्ये देऊन बसलो. जोडीतली दुसरी तुझ्याकडे आहे.

काकांना सांगितलेलं नाही. ते लेकीकडे विरारला आहेत. रविवारी जातो तेव्हा विचारतात, "ही दिसते ना रे त्यात नीट?" मी म्हणतो, एडिट चालू आहे. आज गेलो नाही.

तुझ्या मुलीची बारावी ना यंदा? सायन्सच घेतलं का तिने? वहिनींना नमस्कार. दुकानाचं नवं शटर फोटोत पाहिलं, छान आहे.

फोर के, २५ फ्रेम, १०० एमबीपीएस, आवाज दोन्ही चॅनेलवर, रिले चालू. दोन-तीन मिनिटं पुरेत, काहीही शूट कर. फाइल लिंकने पाठव, पण व्हॉट्सॲपवर नको, ते दाबून टाकतं. आणि जमलं तर स्वतःच ये. जे काय निघेल ते विरारला दोघांनी मिळून घेऊन जाऊ.

तुझा,
बाळ्या