दावोसच्या ट्रेलवर भेटलेल्या सगळ्यांना मनापासून थँक्यू!
परवा याकोब्सहॉर्न शिखरावरून (२५९० मीटर!) खाली फिलिसूर गावापर्यंत सायकलने उतरलो, साधारण ४० किमी. झेर्टिगपर्यंत मस्त चाललं होतं आणि मग मोनश्टाइनच्या अलीकडे मागचा टायर धारदार दगडावर असा फाटला की माझं पॅच किट काही कामाचंच राहिलं नाही. तेवढ्यात मागून दोघं आले, काही न विचारता सायकल उलटी केली, टायरला आतून पट्टी लावली आणि स्वतःची एकुलती एक स्पेअर ट्यूब मला देऊन टाकली, पैसे घ्या म्हटलं तर नुसते हसले आणि निघून गेले. नावसुद्धा विचारायचं राहिलं हो!
येनिसबेर्गच्या चढाला पाणी देणाऱ्या आजी, तुमचेही खूप आभार. तो ट्रेल चालणाऱ्यांचाही आहे, तरी तुम्हीच बाजूला झालात.
आणि पायवाटेवर आडवे दगड लावून पावसाचं पाणी बाहेर काढणारे हात कोणाचे ते माहीत नाही, पण त्यांच्यामुळेच ओल्या उतारावरही माती धरून होती. वीझनच्या पुलाशी थांबून खाली दरी बघताना तुम्हा सगळ्यांचीच आठवण येत होती.
फिलिसूरहून ट्रेनने परत आलो, ती ट्यूब अजून टाइट आहे.